केस गळतो, खाच राहते

मामांच्या काजूबागेच्या वर, जांभ्याच्या कड्यात एक बीळ आहे. माणूस वाकून आत जाईल एवढंच तोंड, आणि दहा-बारा पावलं सरपटत गेलं की ताठ उभं राहता येईल अशी पोकळी. गाव त्याला पाकोळ्यांचं, म्हणजे लहान वाघळांचं, बीळ म्हणतं. मामा माझे नात्याने कुणी लागत नाहीत. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जिथून पुढे चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा लागतो, त्या पट्ट्यात त्यांची भाताची खाचरं आहेत. त्यांची नात बेळगावात आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. "आमच्यात वाघळांची गुहा हाय म्याडम, बघायला या की," असं ती वर्षभर म्हणत राहिली. मी गेले ती वाघळं बघायलाच.

मे महिना सरत आला होता. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते, त्यामुळे बिळाच्या भिंतींना घाम फुटल्यासारखी ओल होती. आत वास तिखट, डोळ्यांना झोंबणारा. डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात छताला पाकोळ्यांचा घोस हलला आणि पुन्हा निवांत झाला. त्यांच्या बरोबर खाली लेंड्यांचा थर होता, वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा. कडेच्या ओल्या लेंड्यांवर बुरशी आली होती. त्या बुरशीपाशी दोन-तीन पांढरी टिंबं सरकताना दिसली, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. मी वाकले, माझा श्वास त्यांच्यावर गेला आणि एक टिंब नाहीसं झालं. पळताना दिसलं नाही, घसरताना दिसलं नाही. आत्ता होतं आणि आत्ता नव्हतं.

मामा मागे कंदील धरून उभे होते. "काय बघूलाय वो बाई?"

मी दाखवलं. त्यांनी गुडघ्यावर बसून, कंदील बाजूला ठेवून, बराच वेळ निरखलं. दुसरं टिंब उडालं तेव्हा ते हसले. "हे टुणक्या की! आज्याच्या काळापासनं खताला हितली लेंडी काढूलाव आमी, खरं हे कधी बघितलं न्हवतं."

नाव होतं म्हणून त्यांनी सांगितलं नाही. डोळ्यांसमोर जे घडलं त्याला त्यांनी तिथल्या तिथे नाव दिलं. या जिवाला इंग्रजीत स्प्रिंगटेल म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. मी वीस वर्षं वर्गात स्प्रिंगटेल असंच शिकवत आले होते. त्या दिवसापासून माझ्या वहीत टुणक्या आहे.

तुम्हीही टुणके पाहिलेले आहेत. कुंडी उचलली की तिच्या बुडाखालच्या ओल्या मातीत जे बारीक, पांढुरके जीव टुणटुण उडतात, ते हेच. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर कधी कधी राखेसारखा थर तरंगतो आणि बोट नेलं की तो थर उडतो, तेही हेच. सहा पाय असूनही हे कीटक नव्हेत. यांची तोंडाची अवजारं डोक्याच्या आत, खिशात ठेवल्यासारखी असतात, म्हणून शास्त्राने यांची वेगळी चूल मांडून दिली आहे. पोटाखाली, चौथ्या खंडाला, दोन टोकांची एक शेपटी असते. ती पुढे दुमडून तिसऱ्या खंडावरच्या एका बारीक चिमट्यात अडकवलेली असते. उंदराच्या सापळ्याचा चाप ओढून ठेवावा तशी. धोका जाणवला की चिमटा सुटतो, शेपटी जमिनीवर आपटते आणि प्राणी आपल्या अंगाच्या कितीतरी पट लांब फेकला जातो. कुठे पडायचं हे बहुतेकांच्या हातात नसतं. इथून सुटायचं, एवढंच त्या उडीत ठरलेलं असतं.

पोटाच्या पहिल्याच खंडावर एक छोटी नळी असते. जॉन लबक या इंग्रज अभ्यासकाने १८७० मध्ये या गटाला 'कोलेम्बोला' हे नाव दिलं ते या नळीवरून. डिंक आणि खुंटी असा अर्थ असलेल्या दोन ग्रीक शब्दांचं ते नाव. त्या काळी वाटायचं की नळी चिकटून राहण्यासाठीच आहे. पुढे कळलं की तिचं मोठं काम पाणी शोषण्याचं. ज्या जिवाची कातडी इतकी पातळ, त्याला ओल म्हणजे श्वासाइतकीच गरजेची. म्हणून तो मातीत, पालापाचोळ्यात, शेवाळात राहतो, आणि म्हणूनच गुहेत त्याला मानवतं.

यांचं वय सांगितलं की वर्गात नेहमी शांतता पसरते. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाच्या गावाजवळच्या गारगोटीसारख्या दगडात एक टुणक्या सापडला, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा. १९२६ मध्ये हर्स्ट आणि मौलिक या दोघांनी त्याचं वर्णन केलं. यातले मौलिक बंगाली, लंडनच्या संग्रहालयात भुंगेऱ्यांवर काम करणारे. सह्याद्रीचा काळा दगड ओतला गेला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपला सह्याद्री व्हायच्या कितीतरी आधीपासून हा जीव ओल्या जमिनीवर बुरशी चरत होता. आज त्याच्या नऊ हजारांहून अधिक जाती कागदावर आहेत आणि दर वर्षी त्यात भर पडते. आपल्या पश्चिम घाटात मात्र मोजणारी माणसं कमी आणि ओली जमीन फार, असा प्रकार आहे.

त्या दिवशी मी पेनाच्या नळीला मलमल बांधून केलेल्या चोखनळीने सहा टुणके उचलले आणि अल्कोहोलच्या कुपीत सोडले. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन वेळा गेले. सगळे मिळून तेवीस. हा आकडा मला पाठ आहे, कारण तेवीसही जण मी मारले आहेत. जातीचं वर्णन करायचं तर त्याला इलाज नाही. पण कुपीत टाकताना हात दर वेळी थांबतो आणि थांबू नये असं मला वाटत नाही. तेविसाव्यानंतर मी चोखनळी परत पिशवीत ठेवली. आकडेमोडीला आणखी दहा असते तर बरं झालं असतं. पण बिळात एकूण किती आहेत हेच ठाऊक नसताना आणखी दहा उचलायचा धीर झाला नाही.

लोक विचारतात, नवी जात गुहेत सापडली तेव्हा कसं वाटलं? गुहेत काहीच सापडलं नव्हतं. गुहेत सहा पांढरी टिंबं होती. जात सापडली असेल तर ती टेबलावर, दीड वर्षाने, एका रविवारी दुपारी.

टेबलावरचं काम असं चालतं. टुणक्या दीड मिलिमीटरचा. तो आधी लॅक्टिक आम्लात ठेवून किंचित ऊब द्यायची, म्हणजे आतला गर विरघळून अंग काचेसारखं होतं. मग काचपट्टीवर अरबी डिंक, क्लोरल हायड्रेट, ग्लिसरीन आणि पाणी यांचं मिश्रण, त्यात तो पालथा किंवा आडवा निजवायचा, सुईने पाय पसरायचे, वर पातळ काच. काही दिवस मंद उबेवर सुकू द्यायचं. शेवटी काचेच्या कडा बंद करायला नेलपॉलिश. आमच्या प्रयोगशाळेत नेलपॉलिशच्या चार बाटल्या आहेत. ती लाल कड असलेली काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली की पुढचं काम म्हणजे केस मोजणं.

खरंच केस. टुणक्याच्या पाठीवर कोणत्या खंडावर, कोणत्या ओळीत, कितवा मोठा केस कुठे आहे, यावर जात ठरते. प्रत्येक केसाला अक्षर आणि आकडा आहे. उजवी बाजू मोजायची, डावी मोजायची, दोन्ही जुळतात का बघायचं, मग दुसरा नमुना, मग तिसरा. सुरुवातीला मला याचं भय वाटायचं, कारण हे केस फार नाजूक. चोखनळीत घासून, कुपीत हिंदकळून, सुईला लागून ते गळतात. माझ्या पहिल्या काचपट्टीवरचा टुणक्या तर जवळजवळ तुळतुळीत होता. मी ती टाकून देणार होते. मग चारशेपट मोठं करून पाहताना दिसलं की जिथे केस होता तिथे एक इवलीशी गोल खाच आहे. भिंतीतला खिळा काढला तरी भोक राहावं तशी. मोठ्या केसाची खाच मोठी, बारीक केसाची बारीक. केस गळतो, खाच राहते. त्या तुळतुळीत टुणक्याचा सगळा नकाशा त्याच्या कातडीवर शाबूत होता. मी तो खाचांवरून काढला.

चित्र काढताना एक डोळा भिंगात आणि एक हात कागदावर असतो. मायक्रोस्कोपला जोडलेल्या आरशाच्या नळीमुळे आपलं पेन्सिलीचं टोक प्राण्याच्या अंगावरच फिरताना दिसतं. नखं काढायला मला सगळ्यात आवडतात. पायाच्या टोकाला एक मोठं नख, त्याच्या आतल्या कडेला दात, आणि समोर भाल्याच्या पात्यासारखं एक धाकटं. गुहेतल्या जातींची नखं बहुधा लांब आणि सडसडीत होत जातात, ओल्या गुळगुळीत दगडावर आणि पाण्याच्या पापुद्र्यावर पाय ठरावा म्हणून. आणि शेपटीचं टोक! उडी मारणाऱ्या त्या शेपटीच्या दोन्ही टोकांना एकेक विळा असतो. माझ्या टुणक्याच्या विळ्याला एकच वाकडं पातं आहे, दुसरा दात नाही, आणि मुठीपाशी एक बारीक काटा आहे. हे मी आधी वहीत मराठीत लिहिलं: 'विळा एकपाती, मुठीशी काटा'. शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही हे वाचून चित्र काढता येईल. इंग्रजी वर्णनात त्याच जागी लॅटिन शब्द येतात आणि ते यायलाच हवेत, जगातल्या सगळ्यांना कळायला हवं. पण माझी नजर मराठीत पाहते. वर्णन आधी मराठीत नीट बसलं नाही तर इंग्रजीतही मी काहीतरी ढोबळ लिहून जाईन, हे मला अनुभवाने कळलं आहे. त्यामुळे माझ्याकडे या टुणक्याचं एक संपूर्ण मराठी वर्णन आहे, अठरा पानांचं, कुठेही छापून न येणारं.

विळा एकपाती आणि मुठीशी काटा म्हटल्यावर प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कळली: सीकोब्रिया. डोळे नसलेले किंवा दोन-तीनच ठिपके उरलेले, बिनखवल्यांचे, फिकट टुणके. आशियातल्या गुहांमध्ये या प्रजातीच्या बऱ्याच जाती आहेत. इथे माझी खरी चिंता सुरू झाली. या प्रजातीत 'टेनेब्रिकोसा' नावाची एक जात आहे, १९०२ मध्ये वर्णन झालेली. तीही आंधळी, तीही पांढरी. झाडांच्या कुंड्यांबरोबर, मातीबरोबर ती जगभर पोचली आहे आणि हरितगृहांत, तळघरांत, गुहांतही आढळते. मामा बागेला शेणखत घालतात, बिळात ये-जा करतात. त्यांच्या घमेल्याबरोबर ती आत गेलेली नसेल कशावरून? गुहेत सापडला म्हणजे गुहेचाच झाला असं होत नाही. डोळे नाहीत म्हणूनही होत नाही. मातीत खोल राहणारे कितीतरी टुणके आंधळेच असतात. एका बाजूला जास्तीत जास्त आठ डोळे, हा या गटाचा पुरता संच. तो कमी होत शून्यावर यायला अंधार लागतो, पण तो अंधार गुहेचाच असला पाहिजे असं नाही.

म्हणून बिळाबाहेरची मातीही चाळावी लागली. काजूखालचा पालापाचोळा, खाचराचा बांध, शेणकीची कड. पिशव्या भरून आणायच्या, फनेलवर जाळी, जाळीवर माती, वर दिवा. दिवा तापतो, माती वरून सुकत जाते, ओल शोधत टुणके खाली सरकतात आणि खालच्या कुपीत पडतात. त्या पावसाळ्यात माझ्या घरात फनेलच फनेल होते. निळसर, करडे, जांभळट, खवल्यांचे चमकदार असे ढीगभर टुणके निघाले. एकपाती विळ्याचा आंधळाही निघाला, शेणकीतून. काळीज धडधडत होतं. मी त्याचं नख काढलं, पाठीचे केस मोजले, बिळातल्याच्या शेजारी ठेवले. शेणकीतला होता टेनेब्रिकोसाच्या वर्णनाशी जुळणारा. बिळातला जुळत नव्हता. चौथ्या खंडावरच्या मोठ्या केसांची मांडणी वेगळी, नखाच्या आतल्या दातांची जागा वेगळी, शिंगं, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका, शरीराच्या मानाने बरीच लांब. ती ही रविवारची दुपार. मी उठून चहा केला आणि तो प्यायला विसरले.

त्यानंतर सुरू झालं ते तुलनेचं काम: थायलंड, चीन, जपान इथल्या जातींची वर्णनं, काही जुनी, काही फ्रेंचमध्ये. एखाद्या जुन्या लेखकाने पाठीचे केस मोजलेलेच नसतात, कारण त्या काळी ती रीत नव्हती. मग त्याने ज्या नमुन्यावरून लिहिलं तो मूळ नमुना कुठल्या संग्रहालयात आहे ते शोधायचं, पत्र लिहायचं, वाट बघायची. एका ठिकाणाहून आठ महिने उत्तरच आलं नाही. या वाटचालीबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. ती लांब असते आणि बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो.

आता नावाविषयी. ते ठरलं आहे, पण इथे लिहिणार नाही. प्राण्यांच्या नावांचा जमाखर्च १७५८ पासून धरला जातो, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, आणि त्या जमाखर्चाचे नियम कडक आहेत. वर्णनाशिवाय नाव कुठे छापलं गेलं तर ते उघडं पडलेलं नाव ठरतं, त्याला मान्यता नसते आणि पुढे गोंधळ होतो. गावाचं नावही मी त्याच कारणाने, आणि आणखी एका कारणाने, टाळते आहे. ते दुसरं कारण पुढे सांगते.

पण नाव ठेवताना मी जो विचार केला तो सांगायला हरकत नाही. आमच्या भागात एका गावाची दोन नावं असतात आणि दोन लिप्या. पाटीवर एक, तोंडात दुसरं. बेळगाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी झालं. माझी आई अजूनही बेळगावच म्हणते, शेजारच्या कन्नड काकू आधीपासून बेळगावी म्हणतात आणि दोघी एकाच बसने बाजाराला जातात. चोर्ल्यात सापडलेल्या एका देवगांडुळाचं, म्हणजे बेडकांच्या नात्यातल्या, गांडुळासारख्या दिसणाऱ्या जिवाचं, २००७ मध्ये वर्णन झालं तेव्हा त्याला नदीवरून नाव मिळालं: म्हादेईएन्सिस. तीच नदी कन्नडात महादायी. तिच्या पाण्यावरून राज्याराज्यांत किती वर्षं खटले चालले आहेत हे इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण त्या बिनपायाच्या, चिखलात राहणाऱ्या जिवाच्या नावात नदीचा तो उच्चार कायमचा बसला, जो भीमगडच्या रानातली माणसं आणि खाली गोव्यातल्या सत्तरीतली माणसं करतात. जातीचं नाव एकदा जसं लिहिलं तसंच राहतं. गावाचं नाव बदललं, जिल्ह्याचं बदललं, राज्याच्या सीमा हलल्या तरी ते हलत नाही. हे मला मोठं ओझं वाटतं. मी ज्या उच्चाराने लिहीन त्याच उच्चाराने शंभर वर्षांनी कुणीतरी वाचणार आहे.

शंभर वर्षं ही अतिशयोक्ती नाही. भीमगडच्या अभयारण्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथल्या एका मोठ्या कानांच्या, चॉकलेटी अंगाच्या वटवाघळाचं १९१३ मध्ये लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमस यांनी वर्णन केलं आणि मुंबई इलाख्यातल्या वनाधिकारी व्रॉटन यांचं नाव त्याला दिलं. मुंबई इलाखा गेला, म्हैसूर राज्य आलं, १९७३ मध्ये त्याचं कर्नाटक झालं. अभयारण्य जाहीर व्हायला २०११ साल उजाडलं. या सगळ्या काळात, जवळजवळ विसावं शतक सरेपर्यंत, त्या वटवाघळाचा जगाला माहीत असलेला पत्ता एकच होता: बारापेडे, तळेवाडीजवळ. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळलं. पण तोवर त्या एका ओळीने गुहेचा सांभाळ केला आहे असं मला वाटतं. जंगलखात्याच्या माणसापासून परदेशी अभ्यासकापर्यंत ज्याला त्या वटवाघळाची काळजी वाटली, त्याला याच दगडापाशी यावं लागलं.

माझ्या टुणक्याचं पोट पाकोळ्यांवर आहे. बिळात उजेड नाही म्हणजे हिरवं काही नाही. पाकोळ्या रात्री बाहेर जातात, खाचरांवरचे, काजूवरचे किडे खातात आणि रान पोटात घालून आत आणतात. लेंडी पडते, तिच्यावर बुरशी येते, बुरशीवर टुणके चरतात, टुणक्यांवर कोळी. काळ्या समुद्राकाठच्या अबखाझियात क्रुबेरा नावाची एक अतिखोल गुहा आहे. तिच्यात १,९८० मीटर खाली टुणके सापडले आणि २०१२ मध्ये त्यांचं वर्णन झालं. तिथेही वरून जे काही झिरपत, घरंगळत येतं त्यावरच त्यांचा संसार. खाली कितीही खोल गेलं तरी शिधा वरूनच येतो. म्हणून बिळात कुणी धूर केला, दर शनिवारी पाकोळ्या उठवल्या, त्या उडून गेल्या, तर बाकीच्यांची चूल विझते.

आणि गावाचं नाव टाळण्याचं हे ते दुसरं कारण. आमच्या पट्ट्यात जांभ्याला भाव आहे. पूर्वी चिरे हाताने, पहारीने निघायचे. आता कापणारी यंत्रं आहेत. पलीकडच्या कड्याच्या मालकाने तो कडा दिला आणि दोन उन्हाळ्यांत तिथे चौकोनी खड्डा उरला. मामांनाही विचारणा झाली होती. नातीच्या फीसाठी पैसा लागत होता, त्यामुळे ते नाही म्हणाले यात काही सोपं नव्हतं. मी त्यांना कधीही देऊ नका म्हटलेलं नाही. ते म्हणायचा मला हक्क नाही. बीळ त्यांच्या उताऱ्यावर आहे, माझ्या काचपट्ट्यांवर नाही. मी त्यांना घेऊन बेळगावला आले आणि मायक्रोस्कोपपुढे बसवलं.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळा भिंगाला लावायला थोडा वेळ लागला, कारण ते श्वास रोखून धरत होते. मी हळूहळू केंद्र साधलं. आधी शिंगं, मग डोकं, जिथे डोळे असायला हवेत ती कोरी जागा, मग पाठ, आणि शेवटी शेपटी.

"हे इळं हाय न्हवं?" त्यांनी बोटाने हवेत वाकडी रेघ काढली.

"हो मामा. विळाच."

"आणि मुठीला काटा." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डोळं न्हाईत. म्हंजे त्याला भाइर जाता येईत न्हाई."

"नाही येत. बाहेरचं ऊन, वारा, सुकं, काहीच सोसत नाही त्याला."

"किती नेलासा तुमी?"

"तेवीस."

त्यांनी मान हलवली. आता त्यात भर घालू नका, असं ते म्हणाले नाहीत. मी तेव्हाच ठरवलं की मूळ नमुना म्हणून एक निवडायचा आणि बाकीचे त्याच्यासोबत जमा करायचे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या ठिकाणी ठेवावाच लागतो. माझे नमुने कोलकात्याला, १९१६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत जातील. तिथे एका खणात, लाल नेलपॉलिशच्या कडेची ती काचपट्टी राहील. मी निवडली आहे ती काचपट्टी पहिल्या, तुळतुळीत झालेल्या टुणक्याची नव्हे. तो भावनेपोटी मला फार जवळचा, पण मूळ नमुना सगळ्यात नीट टिकलेला असावा. तुळतुळीत त्याच्या शेजारी ठेवणार आहे.

काचपट्टीवर चिठ्ठी चिकटवायची असते. बोटाच्या पेराएवढी. त्यावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव, उंची, तारीख, कुणी गोळा केलं. सगळं इंग्रजी अक्षरांत, न पुसणाऱ्या शाईत. गावाच्या खाली नेमकी जागा लिहायची असते आणि ती कुठल्याच नकाशावर नव्हती. मी मामांना विचारलं, बिळाला जुन्या लोकांत दुसरं काही नाव होतं का?

"न्हाई. पाकोळ्यांचं बीळच. माझी आज्जी तेच म्हणायची."

"पाकोळ्यांचं की पाकुळ्यांचं?"

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, ओठ हलवत, आज्जी कशी म्हणत असेल ते आठवत. "पाकुळ्यांचं," ते म्हणाले. "उ लावा. ती उ लावायची."

मी उ लावला.